आई मोरीत पडली आणि बाबांना ऐकू आलं नाही

पत्र:
नमस्कार, माझे आईबाबा दापोली तालुक्यातल्या एका वाडीत दोघंच राहतात. बाबा ७८ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले, डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतात, कानाला मशीन आहे. आई ७३, बीपीची गोळी चालू आहे. मी ठाण्यात नोकरी करते, धाकटा भाऊ कॅनडात आहे. गेल्या महिन्यात रात्री अडीचच्या सुमारास आई मोरीत पडली. हाका मारत होती पण बाबांनी झोपताना कानातलं मशीन काढून ठेवलेलं. चाळीसएक मिनिटं ती तशीच होती, मग बाबा स्वतःहून उठले तेव्हा कळलं. नशीब, हाड मोडलं नाही. आता भाऊ म्हणतोय घरात चार कॅमेरे लावू, दोघांना स्मार्टवॉच, एक बोलणारा स्पीकर, सगळं मी पाठवतो. बाबा भडकले, म्हणाले माझ्या घरात माझ्यावर पाळत नको. आई काहीच बोलत नाही. माझं आणि भावाचं यावरून भांडण झालंय. यातलं खरंच काय उपयोगाचं असतं? की मी नोकरी सोडून जाऊन राहू? माझी मुलगी यंदा दहावीला आहे.
— दापोलीची लेक

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी त्या चाळीस मिनिटांपाशीच थांबले. आपल्याला ती चाळीस मिनिटं पाचावर आणायची आहेत, पहिलं काम ते, बाकी कॅमेरा घड्याळ स्पीकर सगळं त्याच्या नंतर.

आता भावाचा कॅमेरा घेऊन बघा काय होतं. रात्री अडीचला आई पडली. कॅनडात तेव्हा आदल्या दिवशीची दुपार नाहीतर संध्याकाळ, म्हणजे तो जागा आहे, समजा कामात असूनही त्याने फोन बघितला, तर तो काय करणार, तुम्हाला फोन करणार. तुम्ही झोपेतून उठून काय करणार, ठाण्याहून दापोली पाच-सहा तास, म्हणजे तुम्ही शेजारी फोन करणार. कॅनडा, ठाणे अशी फिरून ती खबर शेवटी शेजारच्या घरीच जाणार असेल तर पहिल्यापासून सरळ तिथेच का जाऊ नये? आणि आई पडली ती मोरीत, तिथे कॅमेरा कोण लावणार आहे.

म्हणून कुठलीही वस्तू विकत घ्यायच्या आधी मी एकच विचारते, ही वस्तू कुणाला सांगणार, आणि ते ऐकून दारात कोण येणार. याचं उत्तर नसेल तर कितीही महागडं यंत्र घ्या, ते फक्त आपल्याला लांबून बघायला लावतं.

तेव्हा आधी शेजारी. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मुद्दाम वेळ काढून जवळच्या दोन घरी जा, एकाच घरी नको कारण ती माणसं पण लग्नाकार्याला, मुंबईला जातातच. स्पष्ट विचारा की रात्री बेल वाजली तर याल का, एक चावी तुमच्याकडे ठेवू का. आपल्याकडे शेजारी नाही म्हणत नाहीत पण आपण गृहीत धरणं वेगळं आणि सांगून ठरवणं वेगळं, ठरवलेलं असलं की त्यांनाही कळतं की बेल वाजली म्हणजे चप्पल घालायची. आणि दाराचं बघा. गावच्या घरांना रात्री आतून कडी, खिट्टी, कधी वर अडसर पण असतो. शेजारी धावत आले तरी बाहेर उभे! मुख्य दाराला बाहेरून चावीने उघडणारं लॅच बसवून घ्या, आतली कडी रात्री लावायची नाही, आणि मोरीच्या दाराला आतून कडी नकोच, पडदा किंवा नुसतं लोटलेलं दार चालेल. हे तंत्रज्ञान वगैरे काही नाही, सुताराचं काम आहे, पण हे केल्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

आता वस्तू. पहिली वस्तू वायरलेस डोअरबेल. हो, दाराची बेल, इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांना मिळते, एक बटण आणि एक वाजणारा डबा, मध्ये वायर नाही, इंटरनेट लागत नाही, मोबाईल लागत नाही. बटण मोरीत लावायचं आणि वाजणारा डबा शेजारच्या घरी. बटण उभं असताना हात जातो तिथे लावू नका, पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही, जमिनीपासून वीतभर वर लावायचं. असंच दुसरं बटण आईच्या पलंगापाशी. घेताना दोन गोष्टी बघा, एक म्हणजे वाजणारा डबा सेलवर चालणारा असावा कारण लाईट गेली की प्लगवाला बंद पडतो, आणि दुसरं म्हणजे खोक्यावर शंभर मीटर वगैरे लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं, तुमच्याकडच्या जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून तेवढं जात नाही, म्हणून घरी नेऊन मोरीचं दार लावून दाबून बघायचं आणि शेजाऱ्याला विचारायचं वाजली का, नाही वाजली तर परत करायची. काही बेलना आवाजाबरोबर लखलखणारा दिवा पण असतो, तशी मिळाली तर तिचा एक डबा बाबांच्या उशाशी ठेवा, मशीन काढलेलं असलं तरी डोळ्यावर उजेड आला की माणूस जागा होण्याची शक्यता तरी असते. दर रविवारी एकदा बटण दाबून बघायचं, सेल संपलेली बेल आणि नसलेली बेल एकच.

दुसरी वस्तू म्हणजे माणसाची चाहूल लागली की आपोआप लागणारे छोटे दिवे. पलंगापासून मोरीपर्यंत तीन-चार, खाली पायापाशी. चार्जिंगवाले मिळतात. आई रात्री उठते तेव्हा बाबांची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नसणार, माझी खात्री आहे, आपल्या सगळ्या आया हेच करतात. मोरीत रबरी मॅट आणि भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा, हे पण त्याच फेरीत उरकून टाका.

पण ताई, आई घसरली की चक्कर येऊन पडली हे कुणी विचारलंय का तिला? तुमच्या पत्रात नुसतं पडली लिहिलंय. बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाचं झोपेतून एकदम उठल्यावर बीपी खाली येऊ शकतं, डोळ्यापुढे अंधारी येते आणि तोल जातो. हे घरच्या बीपी मशीनवर पकडता येतं. आईला पाच मिनिटं आडवं झोपू द्या, तसंच बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि परत तीन मिनिटांनी घ्या, शेजारी कुणीतरी धरायला उभं पाहिजेच. वरचा आकडा २० किंवा जास्त, किंवा खालचा १० किंवा जास्त घसरला तर हे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, गोळी किंवा तिची वेळ बदलायची का ते ते ठरवतील, आपण परस्पर गोळी बंद करायची नाही. कॅमेऱ्याने फार तर आई पडलेली दिसली असती, या दोन-तीन आकड्यांनी कदाचित पडणंच टळेल.

बीपी मशीनचं सांगायचं तर मनगटावरचं घेऊ नका, दंडावर पट्टा बांधायचं घ्या आणि पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना ते बघा, बारीक दंडाला मोठा पट्टा किंवा उलट झालं की आकडा चुकतो. माझ्या सासूबाईंचं बीपी घरी कायम जास्त यायचं, आम्ही सगळे काळजीत, शेवटी एकदा मी समोर बसून बघितलं तर त्या स्वयंपाकघरातून तरातरा यायच्या, स्टुलावर टेकायच्या, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायच्या आणि मशीन चालू असताना मला भाजीचं विचारायच्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प बसून घेतलं तर आकडा बराच खाली आला. चहा किंवा तंबाखू घेतल्यावर अर्धा तास घ्यायचं नाही, लघवी लागलेली असताना घ्यायचं नाही. दोनदा घ्यायचं, मध्ये एक मिनिट. डॉक्टरकडे जायच्या आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असं लिहून नेलं की त्या वहीला किंमत आहे. आणि घरी घेतलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर ते जास्त धरतात, दवाखान्यात हीच रेघ १४०/९० असते, लोकांना हे माहीत नसतं.

ही वही बाबांकडे द्या. मास्तर आहेत, आयुष्यभर हजेरी मांडलीय, रकाने आखून तारीखवार लिहिण्यात त्यांच्याइतकं चोख तुमच्या घरात कुणी नसेल. महिन्याने पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा. बाबा भडकलेत ते यंत्रांवर नाही भडकलेत असं मला वाटतं, आयुष्यभर ज्यांनी वर्ग सांभाळला त्यांनाच आता कुणीतरी सांभाळायचं सामान समजतंय, त्याचा राग आहे तो. तोच आकडा ते स्वतः घेऊन तुम्हाला कळवत असतील तर ती त्यांची काळजी असते, आणि तोच आकडा त्यांच्या नकळत भावाच्या फोनवर जात असेल तर ती पाळत असते, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

बाबांच्या शुगरचं मात्र गंभीरपणे घ्या, इन्सुलिनवाल्या माणसाला वाढलेल्या शुगरइतकीच उतरलेल्या शुगरची भीती असते, विशेषतः रात्री. ७० च्या खाली आकडा आला, घाम सुटला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायची, अजून कमी असेल तर परत द्यायची. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. हे आईला पाठ पाहिजे आणि ग्लुकोमीटर आईला पण वापरता आला पाहिजे, कारण ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी बाबांना स्वतःला तो धरता येणार नाही. बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, आंबा फणस खाल्लेल्या बोटाला साखर लागलेली असते आणि आकडा उगाच वर जातो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं, कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवेने त्या खराब होतात, एक्सपायरी पण बघायची. दंडावर लावायचे सेन्सर आता मिळतात, साधारण १४ दिवस चालतात, मोबाईलवर शुगर दाखवत राहतात, घरच्यांच्या फोनवर पण पाठवता येते, बाबांची शुगर वारंवार उतरत असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा, खर्चिक आहेत पण अशा माणसाला खरोखर उपयोगी. याउलट न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी म्हणून ऑनलाइन जे विकतात ते घेऊ नका, अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सावध केलं होतं की असं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मान्य केलेली नाही, त्यावर विसंबून इन्सुलिनचा डोस घेतला तर जिवावर बेतेल.

भाऊ म्हणतो त्या घड्याळाचं. चांगल्या कंपनीच्या घड्याळात पडल्याचं ओळखून आपोआप फोन लावायची सोय असते, ॲपलने ती २०१८ मध्ये आणली, इतरांनी पण आणली, आणि काही लोकांचे जीव त्याने वाचलेत. पण जोराचा दणका बसला तर घड्याळाला कळतं, भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेलं माणूस बरेचदा कळत नाही. बहुतेक घड्याळांना फोन जवळ लागतो. आणि रोज चार्ज करावं लागतं, आंघोळीला काढून ठेवायची सवय असते, रात्री चार्जिंगला लावलेलं असतं, म्हणजे मोरीची आणि रात्रीची वेळ दोन्ही वगळली जाते, जी नेमकी आपली वेळ आहे. आमच्याकडे सासरे पडले तेव्हा त्यांचं घड्याळ कपाटावर चार्ज होत होतं. तेव्हा घेऊच नका असं म्हणत नाही मी, आईला आवडलं, ती रोज घालेल असं वाटलं, तर एकच घ्या, तिच्यासाठी, दुपारी जेवताना चार्ज करायचं ठरवून. पण बेलच्या आधी नको.

हातातल्या मोबाईलमध्येच बरंच काही आहे जे कुणी चालू करत नाही. सेटिंगमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सी म्हणून असतं, तिथे रक्तगट, डायबेटिस, इन्सुलिन, कशाची ॲलर्जी, आणि तुमचा नि शेजाऱ्यांचा नंबर भरून ठेवा, फोन लॉक असला तरी दुसऱ्याला ते वाचता येतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पाच वेळा पटापट दाबलं की मदतीचा कॉल लागतो, तो कुणाला लागणार ते तिथेच ठरवता येतं, शेजाऱ्यांचा नंबर घाला आणि आईकडून दोन-तीनदा करवून घ्या. घराचं लोकेशन शेजाऱ्यांच्या आणि तुमच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजे, वाडीतल्या घराला पत्ता नसतो, अमक्याच्या काजूच्या बागेवरून खाली उतरा असं ॲम्ब्युलन्सवाल्याला रात्री सांगत बसायची वेळ येऊ नये. मोठ्या अक्षरात एक कागद फोनपाशी भिंतीवर, १०८, ११२, शेजारी, डॉक्टर, तुम्ही. कागद, हो, चार्ज करावा लागत नाही.

आणि तुमच्याकडचं लाईटचं मी काय सांगणार, ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुम्ही घरच्यांकडून ऐकलंच असेल, दापोली मंडणगडात कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, नेटवर्क पण गेलं होतं. वायफायवर चालणारं सगळं त्या दिवसांत बंद. पावसाळ्याआधी राउटरला छोटा यूपीएस, एक चांगली पॉवर बँक, आणि आठवडाभर चार्जिंग टिकणारा बटणांचा साधा फोन वेगळ्या कंपनीच्या सिमचा, एवढं घरात असू द्या. बाबांचं इन्सुलिन फ्रिज बंद असताना पाण्याने भिजवलेल्या मातीच्या मडक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवता येतं, चांगलं गार राहतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. जपानमध्ये झोजिरुशी नावाची थर्मास बनवणारी कंपनी आहे, त्यांनी २००१ साली एक चहाची किटली काढली, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने सकाळी चहासाठी पाणी काढलं की लांब राहणाऱ्या मुलांना निरोप जायचा. कॅमेरा नाही, प्रश्न नाहीत, आईने चहा केला, आई बरी आहे, एवढंच. तुमच्याकडे ही किटली आधीच आहे ताई, ती म्हणजे आईचा सकाळचा गुड मॉर्निंगचा मेसेज! फुलांचा फोटो, पाणी पडतंय, श्री स्वामी समर्थ, जे काय येत असेल ते. लोक म्युट करून टाकतात, तुम्ही करू नका, त्यालाच नियम लावा. सकाळी साडेआठपर्यंत मेसेज आला नाही तर तुम्ही फोन करायचा, पंधरा मिनिटांत दोन्ही फोन उचलले नाहीत तर शेजाऱ्यांना फोन, ते जाऊन बघतील. आईला पण हा नियम माहीत असू दे, मुद्दाम सांगा की तुझ्या मेसेजची मी वाट बघते. नेटवर्क नसेल त्या दिवशी शेजाऱ्यांकडून किंवा साध्या फोनवरून मिस कॉल.

मुलीला पण यात घ्या, तिला अभ्यासातून पाच मिनिटांचंच काम आहे. तिच्या आवाजात रेकॉर्ड करा, आजोबा सकाळचं इन्सुलिन घेतलंत का, मग नाश्ता करा, आणि हे बाबांच्या मोबाईलला अलार्मचा आवाज म्हणून लावा, आजीच्या गोळीसाठी वेगळा. कंपनीच्या टिंगटिंगकडे माणूस दुर्लक्ष करतो, नातीच्या हाकेकडे करत नाही. सोबत आठवड्याच्या गोळ्यांचा खणाखणांचा डबा, रविवारी भरायचा, कारण अलार्म वाजला म्हणजे गोळी घेतली असं नसतं आणि दुपारी आठवत नाही म्हणून दोनदा पण घेतली जाते, रिकामा खण बघितला की वाद मिटतो.

बोलणाऱ्या स्पीकरला माझा विरोध नाही, हाक मारून फोन लावता येतो ही चांगली सोय आहे, पण तो वायफायवर चालतो, बाबांना त्याचं बोलणं ऐकू येईल का शंका आहे, आणि घाबरलेल्या माणसाला त्याचं ठरलेलं वाक्य आठवेलच असं नाही. आईला टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवरचं माईकचं बटण दाबून मराठीत बोललं की मराठीत लिहून येतं, ते शिकवा, आणि बाबांशी फोनवर ओरडून बोलण्यापेक्षा व्हिडिओ कॉल करा, ऐकायला कमी येणारा माणूस ओठ आणि चेहरा बघून अर्धं समजून घेतो.

दर वेळी दापोलीला डॉक्टरकडे जायलाच पाहिजे असंही नाही. मार्च २०२० मध्ये सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले, रजिस्टर्ड डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर, मेसेजवर सल्ला देऊ शकतात, नेहमीच्या डॉक्टरांना विचारून घ्या की बाबांची वही बघून दर दुसरा फॉलोअप व्हिडिओवर चालेल का आणि त्यांची फी तेवढीच प्रामाणिकपणे द्या. सरकारची ई-संजीवनी, म्हणजे मोबाईलवरून डॉक्टरांचा सल्ला मिळायची सेवा, फुकट आहे, घरून ॲपवर जमलं नाही तर गावच्या उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी तिथूनच मोठ्या डॉक्टरांशी जोडून देतात. आशाताईंचा नंबर पण सेव्ह करा. आणि ७० वर्षं नि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे हॉस्पिटलचे उपचार, दोघांत मिळून, आधार आणि मोबाईल घेऊन आयुष्मान ॲपवर निघतं. बाबांना पेन्शनबरोबर दुसरी काही सरकारी आरोग्य योजना लागू असेल तर आधी विचारून घ्या. कुठली हॉस्पिटलं यात आहेत ते ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर शोधू नका, आत्ताच बघून त्या भिंतीवरच्या कागदावर लिहा.

एक भीती पण बोलून दाखवते. घरात फोन, नेट, ॲप वाढले की भामटे पण दाराशी येतात. पोलीस म्हणून व्हिडिओ कॉल करतात, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय म्हणतात, आणि निवृत्त शिक्षकासारखा कायद्याला मानणारा माणूसच त्यात घाबरून अडकतो. असली अटक कायद्यात नाहीच हे बाबांना सांगा, ओटीपी नाही द्यायचा, कुणी सांगितलं म्हणून कुठलंही ॲप टाकायचं नाही, पैसे गेले तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, आणि मुख्य म्हणजे आम्ही रागावणार नाही हे आधीच सांगून ठेवा, लाजेने गप्प बसण्यात जो वेळ जातो त्यात पैसे हाताबाहेर जातात. व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करता येते, त्याने तुम्ही ठाण्यातून बाबांना कुठे दाबायचं ते दाखवू शकता, पण फक्त तुम्ही आणि भाऊ, तिसरं कुणी नाही.

भावाशी भांडू नका हो. तो लांब आहे, त्याच्या हातात पार्सल पाठवणं एवढंच आहे असं त्याला वाटतंय, त्याला दुसरं काम द्या. ई-संजीवनीचं अकाउंट, कार्डाची कागदपत्रं, दोघांच्या सगळ्या रिपोर्टचे फोटो तारखेप्रमाणे एका ठिकाणी लावणं, गोळ्यांची ऑर्डर संपायच्या आठ दिवस आधी देणं, हे त्याला तिथून सगळं जमतं. आणि तुमच्या मध्यरात्रीला तो जागा असतो! आईला रात्री झोप लागत नसेल तर तिचा फोन त्याने उचलायचा, तुम्ही नाही. चार कॅमेऱ्यांचे पैसे त्याने वाडीतल्या एखाद्या बाईला रोज दोन तास घरी यायला द्यावेत, केर-पाणी, सोबत, आणि आई आंघोळ करताना घरात एक माणूस. कॅमेरा हवाच असेल तर एकच, बाहेर ओटीवर, दार-अंगण दिसेल असा, बाबांना विचारून, आणि त्याचं चित्र आधी बाबांच्या फोनवर दिसलं पाहिजे, आत माजघरात वगैरे नको.

नोकरी सोडू नका. निदान आत्ता नको, या गोष्टी सहा महिने करून बघितल्याशिवाय तर नकोच. मुलीची दहावी आहे, तुमच्या पगारावर घर चालतंय, आणि तुम्ही तिथे जाऊन राहिलात तरी रात्री अडीचला तुम्हाला पण झोप लागलेली असणार. महिन्यातून एक शनिवार-रविवार ठरवून जा, आणि त्या दिवशी मशीन-बिशीन तपासण्यात सगळा वेळ घालवू नका.

पहिला फोन मात्र भावाला नाही, आईला करा, आज संध्याकाळी. सगळे आपापलं बोलले, भाऊ बोलला, बाबा ओरडले, तुम्ही मला एवढं लांब पत्र लिहिलंत, आणि जी पडली ती काहीच बोलत नाही असं तुम्हीच एका ओळीत लिहून पुढे गेलात. तिला विचारा त्या रात्री काय झालं होतं, आधी डोळ्यापुढे अंधारी आली का, किती वेळ हाका मारल्या, भीती वाटली का. मध्ये बोलू नका तिच्या. मग बेल घेऊन जाल तेव्हा बटण तुम्ही नका लावू, तिला मोरीत जमिनीवर बसवा, दिवसाउजेडी, कोरड्या फरशीवर, आणि सांगा आई हात लांब कर, जिथपर्यंत तिचा हात सहज पोचेल तिथे तिलाच बोटाने खूण करू दे, आणि त्याच खुणेवर बटण चिकटवा.